ट्रंकचा वापर वाढला आहे: तालमीच्या अहवालातल्या एका ओळीचं प्रकरण

दोन अंकी नाटक. सात पात्रं, ७८ पानांची संहिता, तीस तालमी. तालमीच्या खोलीत रोज असणारे म्हणजे दिग्दर्शक, नट, स्टेज मॅनेजर आणि त्याची साहाय्यक. नेपथ्यकार, सेट बांधणारे, प्रॉपर्टी म्हणजे मंचावरच्या वस्तू सांभाळणारा, प्रकाशयोजनाकार, ध्वनी, कपडेपट, रंगभूषा आणि निर्मिती व्यवस्थापक हे सगळे बाहेर आपापल्या कामात. खोलीत काय घडलं हे त्यांना कळायची रोजची वाट एकच, ती म्हणजे रात्री येणारा तालमीचा अहवाल. मुद्दा नीट उलगडता यावा म्हणून हे प्रकरण एका नाटकापुरतं आणि एका वस्तूपुरतं बांधून घेतलं आहे. ती वस्तू म्हणजे एक ट्रंक.

९० सेंमी लांब, ४५ रुंद, ४० उंच. नेपथ्याच्या आराखड्यात ती 'जुनी, ओढून आणलेली दिसावी' एवढ्याच अपेक्षेने होती. पान ५२ वर थोरली बहीण ती उघडते आणि आतून कपडे काढते. काम तेवढंच, म्हणून बांधणीही हलकी ठरली होती: बाजूंना पातळ पट्ट्यांची चौकट, झाकणाला ४ मिमी प्लाय, आत पोकळ. वजन साधारण नऊ किलो, म्हणजे काळोखात एका माणसाने उचलून विंगेत न्यावी इतकी.

अकराव्या तालमीत पान ५२ ते ६३ बसवायला घेतलं. पान ६१ वर दिग्दर्शकांना नवीन काही सुचलं. थोरली ट्रंकवर चढते, शेवटचं बोलणं तिथूनच करते आणि पुढे उडी मारते. चार सेकंदांनी काळोख. तालमीत ट्रंकऐवजी ४० सेंमीचं लाकडी लेव्हल, म्हणजे उंचीसाठीचा भक्कम ठोकळा होता, त्यामुळे सगळं बिनबोभाट पार पडलं. त्या रात्रीच्या अहवालात स्टेज मॅनेजरने लिहिलं ते असं:

'सर्वसाधारण: आजची तालीम छान झाली. दुसऱ्या अंकातल्या या प्रवेशाचा शेवट आता फार परिणामकारक होतो. ट्रंकचा वापर वाढला आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी. थोरलीचं काम करणाऱ्या बाई परत उशिरा आल्याने दिग्दर्शक नाराज होते.
नेपथ्य: –
प्रॉपर्टी: –
प्रकाश: –
ध्वनी: –
कपडेपट: –'

सव्विसाव्या तालमीला, म्हणजे सेट, दिवे, आवाज यांच्यासह होणाऱ्या टेक्निकलला, ट्रंक पहिल्यांदा मंचावर आली. रात्री ८ वाजून १० मिनिटांनी पान ६१ आलं. थोरली वर चढली, झाकण खचलं आणि तिचा डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला. इजा किरकोळ होती, पण तालीम थांबली. पाय अडकला त्या क्षणीही तिचा चेहरा अंधारात होता. त्या जागेच्या दिव्याच्या झोताची वरची कड मागच्या भिंतीवर प्रकाश सांडू नये म्हणून शटरने, म्हणजे दिव्यातल्या सरकत्या पातीने, कापलेली होती, ती जमिनीवर उभ्या नटाच्या उंचीच्या हिशोबाने. ४० सेंमी वर गेलेलं डोकं त्या कडेबाहेर पडलं. दिवा पुन्हा लावणं, ट्रंक बाजूला करणं, पुढचे प्रवेश तिच्याशिवाय चालवणं यात टेक्निकलचे अडीच तास गेले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक विभागाचं म्हणणं सारखंच होतं: आम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि स्टेज मॅनेजरचं म्हणणं: अकरा नंबरच्या रिपोर्टात आहे, बघा. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या.

ती ओळ कुणी वाचली

नेपथ्यकार बांधणीच्या जागेवर उभ्या उभ्या फोनवर अहवाल उघडतो. नजर थेट 'नेपथ्य' या शब्दावर जाते, तिथे आडवी रेघ दिसते, फोन खिशात जातो. प्रकाशयोजनाकार तसंच करतो, कपडेपटही. 'सर्वसाधारण' हा मजकूर सगळ्यांसाठी असतो, म्हणूनच तो कुणाचाच नसतो. यात आळस शोधू नये. दिवसाला एक याप्रमाणे तीस अहवाल वाचणारा माणूस आपल्या नावाची ओळ शोधणार, हे गृहीत धरूनच अहवाल लिहायचा असतो.

रेघेतही घोटाळा आहे. रेघ म्हणजे आज या विभागासाठी काही नाही, की लिहायचं राहून गेलं? वाचणाऱ्याला ते कळत नाही. 'आज काही नाही' हे तीन शब्द पूर्ण लिहावेत. ते लिहिताना लिहिणारा क्षणभर थांबतो आणि खरंच काही नाही ना, हे मनाशी तपासतो. अकराव्या रात्री 'प्रकाश: आज काही नाही' असं लिहायला हात धजावला नसता.

'संबंधितांनी नोंद घ्यावी' हे वाक्य तालमीच्या अहवालातून कायमचं हद्दपार करावं असं आमचं ठाम मत आहे. संबंधित कोण, हे शोधून काढणं हेच तर स्टेज मॅनेजरचं काम. ते त्याने वाचणाऱ्यावर ढकललं. आणि ट्रंकशी संबंधित कोण, असं कुणालाही विचारलं तर उत्तर 'प्रॉपर्टी' असंच येईल. दिवा, चपलेचा तळ, झग्याची लांबी, दार आपटल्याचा आवाज आणि विंगेतला माणूस या सगळ्यांचा त्या चढण्याशी संबंध आहे, हे फक्त खोलीत बसलेल्यालाच दिसू शकत होतं.

'वापर वाढला' यातून काय समजायचं? दोनदा उघडतात? जास्त वेळ मंचावर राहते? बसतात? क्रियापद नेमकं हवं: चढते, उभी राहते, उडी मारते. 'ट्रंक मजबूत करावी' असं लिहिलं असतं तरी बिघडलंच असतं, कारण मजबूत हे माप नव्हे. शिवाय कशी बांधायची हे सांगणं स्टेज मॅनेजरच्या अखत्यारीत येत नाही. वस्तूवर काय घडतं, किती वेळ, कोणत्या पानावर आणि त्याच वस्तूचं दुसरं कोणतं काम कायम आहे, इतकं त्याने सांगायचं. उपाय ज्याचा त्याने काढायचा. 'झाकण जाड करा' असा हुकूम आला असता तर बांधणाऱ्याने जाड झाकण बसवलं असतं, आत आधार दिलाच नसता, आणि विचारल्यावर 'तुम्हीच तर सांगितलंत' म्हणाला असता.

उशिरा येण्याबद्दलचं वाक्य तर अहवालात यायलाच नको होतं. अहवाल चौदा जणांकडे जातो. हजेरीच्या रकान्यात 'बोलावणं ६:३०, पोचण्याची वेळ ६:४२' एवढं पुरे. 'परत' हा शब्द निकाल देतो आणि 'नाराज होते' ही दुसऱ्याच्या मनाची बातमी आहे. वारंवार उशीर होत असेल तर ते निर्मिती व्यवस्थापकाशी समोरासमोर बोलावं. तालीम छान झाली, शेवट परिणामकारक झाला, हेही गाळावं. एखाद्या रात्री 'छान' लिहायचं राहिलं की दुसऱ्या दिवशी चर्चा सुरू होते, काल काय बिनसलं होतं म्हणून.

दुसरी चूक, जी कुणाच्या लक्षात आली नाही

अकराव्या तालमीत दिग्दर्शक ट्रंकवर चढणं करून पाहत होते. ते पक्कं झालं तेराव्या तालमीत. तेराव्या अहवालात त्याचा उल्लेखही नाही, कारण स्टेज मॅनेजरच्या मते ते 'आधीच कळवलं' होतं. ट्रंकची बांधणी चौदाव्या दिवशी सुरू व्हायची होती. म्हणजे बांधणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची बातमी तेराव्या रात्रीची होती, आणि नेमकी तीच गेली नाही.

सतराव्या तालमीत उडी पुढच्या बाजूऐवजी डाव्या बाजूला गेली. तेही कळवलं गेलं नाही. खोलीतल्या माणसांना हा बदल किरकोळ वाटला, कारण त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. बाहेरच्यांसाठी उडी कुठे पडते यावर दिवा कुठे हवा, तिथली जमीन मोकळी हवी की नको, हे सारं अवलंबून होतं.

यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला तिची अवस्था लिहिणं. तीन शब्द पुरतात: 'पाहतोय', 'ठरलं', 'विचारणा'. 'पाहतोय' वाचून बांधणारा हात आखडता घेतो, पण सावध राहतो. 'ठरलं' आलं की कामाला लागतो. 'विचारणा' म्हणजे उत्तर हवं आहे, आणि अमुक दिवसापर्यंत हवं आहे. 'पाहतोय'चं 'ठरलं' झालं किंवा ते रद्द झालं, तर ती नवी नोंद धरायची, जुन्या नोंदीचा क्रमांक देऊन.

अकराव्या रात्री काय लिहायला हवं होतं

नोंदीचा क्रमांक म्हणजे अहवालाचा क्रमांक, टिंब आणि नोंदीचा क्रमांक. ११.३ म्हटलं की फोनवर बोलताना दोन्हीकडे एकच ओळ डोळ्यांसमोर येते. डावं-उजवं सगळीकडे नटाचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावरचं. हे पहिल्याच अहवालात एकदा लिहून ठेवायचं.

'११.१ नेपथ्य आणि प्रॉपर्टी. पाहतोय. पान ६१ ते ६३: थोरली बंद ट्रंकच्या झाकणावर चढते, सुमारे १ मि. २० से. उभी राहते, दोन पावलं टाकते आणि समोर दोन्ही पायांवर उडी मारते. पान ५२ वर ट्रंक उघडून कपडे काढणं कायम आहे. म्हणजे झाकण उघडायलाही हवं आणि उडीसकट एका माणसाचा भार पेलायलाही हवं. दोन्ही एकत्र जमेल का? उद्या तालमीआधी ६:१५ ला दिग्दर्शक यावर बोलायला मोकळे आहेत. तोवर तालमीत ४० सेंमीचं लेव्हल वापरत आहोत.

११.२ प्रकाश. पाहतोय. पान ६१: वरील काळात थोरलीचा चेहरा जमिनीवर उभं असतानापेक्षा ४० सेंमी उंच असेल. जागा: मध्यरेषेच्या उजवीकडे १.२ मी., मंचाच्या पुढच्या कडेपासून २.५ मी. आत. उडीनंतर ४ सेकंदांनी काळोख. ती काळोखात उजव्या विंगेत जाते.

११.३ कपडेपट. पाहतोय. पान ६१: थोरली झग्यात ४० सेंमी उंच चढते आणि उतरते. चढताना दोन्ही हातांत कपडे आहेत, झगा उचलून धरता येत नाही. आज तालमीचा झगा दोनदा पायाखाली आला. या प्रवेशातल्या चपलेचा तळ कशाचा आहे, ही विचारणा.

११.४ ध्वनी. पाहतोय. पान ६३: दार आपटल्याचा आवाज आतापर्यंत "जा" या शब्दावर होता. आता पाय जमिनीला लागले की लगेच. उडीचा खरा आवाजही येईल.

११.५ रंगभूषा. आज काही नाही.'

या पाच नोंदी लिहायला दहा-बारा मिनिटं लागतात. एकच घटना चार ठिकाणी लिहावी लागली, पण प्रत्येक ठिकाणी त्या माणसाला लागणारं तेवढंच आहे. कपडेपटाला जागेची मापं नकोत, दिव्यांना चपलेचा तळ नको. आणि 'झगा दोनदा पायाखाली आला' ही नोंद पाहा. 'झगा लांब वाटतो' यापेक्षा ती कितीतरी उपयोगी आहे, कारण लांब वाटणं हे मत झालं, पायाखाली आला ही पाहिलेली गोष्ट झाली. शिवायचं काम करणारी बाई त्यावरून खालची कड किती उचलायची ते स्वतः ठरवते.

नटीचं वजन मात्र अहवालात लिहायचं नाही. बांधणाऱ्याला आकडा लागलाच तर तो तिला विचारून, त्याच्या एकट्यापुरता द्यावा. चौदा जणांच्या फोनवर तो कशाला?

आणखी एक गोष्ट, जी अहवालाच्या बाहेरची आहे तरी त्याच्याइतकीच महत्त्वाची. इतका मोठा बदल नेपथ्यकाराला पहिल्यांदा अहवालातून कळता कामा नये. मधल्या सुट्टीत तीन मिनिटांचा फोन करावा: 'आज ट्रंकवर चढणं करून पाहतोय, रात्री लिहून पाठवतो.' मग अहवाल त्या बोलण्याचा कागद होतो. रात्री साडेअकराला एका ओळीत आपल्या कामाची उलथापालथ वाचणारा माणूस आधी चिडतो, मग वाचतो.

खोलीतली रीत

अहवाल तालीम संपल्यावर आठवून लिहायचा नसतो. स्टेज मॅनेजरच्या टेबलावर प्रॉम्प्ट बुकशेजारी (हालचाली आणि इशारे नोंदलेली संहितेची प्रत) चार रकान्यांचा कागद हवा: वेळ, पान, काय घडलं, कुणासाठी. शेवटच्या रकान्यात फक्त अक्षरं: ने, प्रॉ, प्र, ध्व, क, रं. एखादी गोष्ट घडली की बाकी काही लिहिण्याआधी ही सहा अक्षरं मनात म्हणायची आणि लागू असतील ती टाकायची. अकराव्या दिवशी त्या कागदावर '७:५०, ६१, ट्रंकवर चढते' असं होतं आणि चौथा रकाना कोरा होता. चूक रात्री टायपिंगच्या वेळी झाली नाही. ती ७ वाजून ५० मिनिटांनी झाली.

तालीम संपली की दिग्दर्शक निघायच्या आत पाच मिनिटं पकडायची. प्रश्न तीनच: आज नवीन आलेल्यातलं काय पक्कं, काय अजून पाहायचं आहे, आणि मी अमुक विभागाला हे विचारतोय, चालेल ना? तिसरा प्रश्न वगळला की दिग्दर्शकाला नको असलेली मागणी त्याच्या नावावर जाते. मग वीस-पंचवीस मिनिटं लिहिणं. मग साहाय्यकाने अहवाल वाचायचा, तोही एका ठरावीक पद्धतीने: एकदा फक्त प्रकाशाची ओळ वाचून 'मला उद्या काय करायचंय?' असं विचारायचं, मग कपडेपटाची, मग पुढची. ज्या ओळीवरून उत्तर निघत नाही ती पुन्हा लिहायची.

अहवाल त्याच रात्री जायला हवा, कारण बांधणी सकाळी सुरू होते. एका पानात, फार तर दीड पानात बसवावा. मजकूर मेलच्या अंगातच टाकावा. फाइल जोडलीत तरी चालेल, पण रंगाने माखलेल्या हाताने फाइल कुणी उघडत नाही. मेलच्या विषयात नाटकाचं नाव, अहवालाचा क्रमांक आणि तारीख. वर ठरलेल्या ओळी: तालमीची सुरुवात, सुट्टी, शेवट, हजेरी, कोणती पानं झाली, उद्याचं बोलावणं. रनथ्रू, म्हणजे नाटक सलग करून पाहणं, झाला असेल तर प्रत्येक अंकाची वेळ मिनिट-सेकंदात, थांबे वगळून.

सव्विसाव्या रात्रीचा अहवाल

अपघाताच्या रात्री अहवाल लिहिणं अवघड असतं, कारण प्रत्येक वाक्यात बचाव शिरू पाहतो. इथे तो अहवाल चांगला उतरला, हे नमूद करायला हवं:

'२६.१ सर्व विभाग. रात्री ८:१०, पान ६१: ट्रंकचं झाकण खचलं, थोरलीचं काम करणाऱ्या कलाकाराचा डावा पाय आत गेला. तालीम थांबवली, प्रथमोपचार दिले. ८:५० ला त्यांच्याशिवाय पान ६४ पासून पुढे चालू. अपघाताची स्वतंत्र नोंद निर्मिती व्यवस्थापकांकडे दिली आहे. ट्रंक वापरातून काढली आहे.'

इजा किती, डॉक्टर काय म्हणाले, कुणाची चूक, यातलं काहीही नाही. पहिली दोन त्या बाईंची खासगी बाब आहे. तिसरी गोष्ट बैठकीत बोलायची असते, आणि तिथे अकरा नंबरचा अहवाल उघडून वाचला गेला.

नवीन ट्रंक एका रात्रीत बांधली: १८ मिमी प्लायचं झाकण आणि आत दर ३० सेंमीवर एक अशा १२ मिमीच्या दोन उभ्या फळ्या, झाकणाला खालून टेकणाऱ्या. लांबीचे तीन कप्पे झाले, कपडे मधल्या कप्प्यात गेले, वर घसरू नये अशी खरखरीत पट्टी चिकटवली. काम चोख झालं. पण वजन सहा किलोंच्या आसपास वाढलं आणि काळोखात ती एका माणसाला उचलेना. दुसरा माणूस त्याच वेळी डाव्या विंगेत दार धरून उभा असतो. तो दार सोडून येणार, म्हणून काळोख १२ सेकंदांवरून २० वर गेला. काळोख लांबला म्हणून संगीताचा तुकडा आठ सेकंदांनी वाढवावा लागला. आणि नव्या वेळेची सवय व्हायला नटांना दोन तालमी लागल्या. चौदाव्या दिवशी हे सगळं आराखड्यावर खोडरबराने झालं असतं.

सत्ताविसाव्यापासून अहवालाच्या शेवटी 'उघड्या नोंदी' असा तक्ता सुरू झाला: क्रमांक, विभाग, प्रश्न, कुणाकडे, कधीपर्यंत. उत्तर आलं की एकदा 'बंद' असं लिहून दाखवायचं आणि पुढच्या अहवालातून ती ओळ काढायची. उत्तर येईपर्यंत ती रोज पुन्हा छापली जाते. पहिल्या दिवशी तक्त्यात नऊ ओळी होत्या, त्यातली सगळ्यात जुनी अकराव्या तालमीत विचारायची राहून गेलेली: चपलेचा तळ कशाचा? तो गुळगुळीत चामड्याचा निघाला आणि अठ्ठाविसाव्या दिवशी त्याला रबर लागलं.

रंगीत तालमीच्या रात्री तक्त्यात एकच ओळ उरली होती: झाकणावरची खरखरीत पट्टी कपडे घासून कडेला सुटते. ती बंद करता येण्यासारखी नव्हती. म्हणून ती तिथून काढून प्रयोगाआधीच्या तपासणीच्या यादीत गेली, प्रॉपर्टीवाल्याच्या नावापुढे: पडद्याआधी अर्धा तास, चारही कोपरे हाताने दाबून पाहणे.